घरचं छोटं चाक, सात महिन्यांनंतर: माती सेंटर करायला कसं आहे ते सांगते

चाक घरी येऊन सात महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या पंधरवड्यात लिहिलं असतं तर नुसती तक्रार लिहिली असती आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर डोक्यावर घेऊन नाचले असते, म्हणून मुद्दाम थांबले. मातीकामाचं चाक घ्यायचं म्हटलं की सगळे विचारतात किती किलो माती पेलतं, आवाज किती करतं, धुवायला सोपं का. ते सगळं सांगतेच, पण माझ्या मते घरगुती चाकाची खरी परीक्षा एकच, माती मध्यावर आणताना, म्हणजे फिरता गोळा डुलू नये असा सेंटर करताना, ते कसं वागतं. भांड्याची भिंत वर काढताना किंवा तोंड आत घेताना यंत्रावर फारसा जोर येतच नाही, सगळा जोर येतो तो सुरुवातीच्या दोन-चार मिनिटांत गोळा सेंटर करताना, आणि मोटर, बेल्ट, पेडल, तबकडी सगळ्यांची ताकद तिथेच कळते.

यंत्र म्हणाल तर एकदम कॉमन. ३५० वॅटची मोटर, बेल्टवर चालणारं, वर २५ सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची तबकडी, पायाचं पेडल, दोन तुकड्यांत निघणारा प्लास्टिकचा ट्रे. याच बांध्याची चाकं वेगवेगळ्या नावांनी मिळतात त्यामुळे नाव लिहीत नाही, लिहूनही उपयोग नाही. ३५० वॅट म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरपेक्षा थोडं कमीच (१ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट). याआधी वर्षभर मी क्लासला मोठ्या जड चाकावर शिकले, तिथे १ किलोचा गोळा सेंटर करायला मला शेवटी शेवटी मिनिटभर पुरायचं. घरी आलं तेव्हा वाटलं की आता रोज बसायचं, क्लासच्या दिवसाची वाट बघायची नाही.

आणि घरी पहिल्याच दिवशी १ किलो माती जागेवर येईना. अर्धा किलो घेतली, तीही येईना. हाताखाली असताना गोळा अगदी शांत, आता झालं म्हणून हात काढला की डुलायला लागायचा, परत धरला की शांत, परत सोडला की डुलणं सुरू. ज्यांनी चाकावर काम केलंय त्यांना माहितीये, हे लक्षण नवशिक्या हातांचंच असतं, हात झटकन उचलला की शेवटच्या क्षणी बोट मातीला ढकलतं आणि सगळी मेहनत वाया जाते. क्लासच्या ताई पहिल्या दिवसापासून एकच घोकून घ्यायच्या, "हात काढायचा नाही गं, हात विरघळू द्यायचा." त्यामुळे मला वाटलं वर्षभराचं शिकलेलं क्लासच्या चाकापुरतंच होतं. पंधरा दिवस मी स्वतःलाच दोष दिला. माती बदलून पाहिली, जास्त मळली, मऊ केली, स्टूल खालीवर केलं, पाणी कमी-जास्त केलं. मनगटं दुखायला लागली तेव्हा ताईंना फोन केला.

ताईंनी फोनवर एक गोष्ट सांगितली आणि हा रिव्ह्यू खरं तर तेवढ्यासाठीच लिहितेय. म्हणाल्या, "तबकडीवर पेनाने एक ठिपका काढ. दहा वेळा सेंटर कर, दरवेळी हात सोडल्यावर चाक सावकाश थांबव आणि गोळ्याचा फुगलेला भाग ठिपक्याच्या कुठल्या बाजूला येतो ते बघ. दरवेळी वेगळीकडे आला तर तुझे हात, दरवेळी एकाच जागी आला तर चाक."

दहापैकी नऊ वेळा एकाच जागी आला. ठिपक्यापासून पाव फेरी पुढे, तिथेच.

मग मी चाक बंद करून ट्रे काढला आणि तबकडीच्या दोन कडा दोन्ही हातांनी धरून आळीपाळीने खाली दाबल्या. टक, टक. अगदी बारीक आवाज, आणि कडेला जेमतेम मिलिमीटरभर हालचाल. या चाकांमध्ये तबकडी वेगळी निघते, मधल्या दांड्यावर बसवून खालून दोन छोट्या ॲलन स्क्रूनी आवळलेली असते. माझ्यातल्या एका स्क्रूचे आटे गेलेले होते, तो आवळला तरी नुसता फिरत राहायचा. म्हणजे मी बाजूने जोर दिला की तबकडी एकीकडे झुकायची, त्या झुकलेल्या अवस्थेत मी माती मध्यावर आणायचे आणि हात सोडला की तबकडी आपल्या मूळ जागी परत, माती तिच्याबरोबर. दर वेळी फुगवटा एकाच जागी का यायचा ते तेव्हा कळलं.

इथे एक गैरसमज खूप पाहिलाय म्हणून लिहिते. तबकडीची कड फिरताना थोडी आतबाहेर दिसली म्हणजे चाक खराब असं नाही. माती सेंटर होते ती फिरण्याच्या आसाभोवती, तबकडीच्या कडेशी तिचा संबंध नाही. वर लाकडी बॅट (भांडं जिच्यावर घडवून तिच्यासकट उचलतात ती सुटी चकती) थोडी वाकडी बसवली तरी तिच्यावर माती व्यवस्थित मध्यावर येते ती त्यामुळेच. तबकडी एका बाजूला कायमची किंचित कललेली असेल तर सेंटरिंगला फार फरक पडत नाही, पुढे भांडं उलटं ठेवून बूड खरवडताना त्रास होतो, तो भाग वेगळा. पण तबकडी किंवा आस जोर आल्यावर हलत असेल, तर त्या चाकावर कुणीही बसलं तरी माती जागेवर राहणार नाही. तेव्हा चाक घरी आलं की माती लावायच्या आधी कडा दाबून बघा, अर्धा मिनिट लागतं. मी पंधरा दिवस घालवले.

कंपनीला व्हिडिओ पाठवला. पहिलं उत्तर आलं की नवीन लोकांना सेंटरिंग अवघड जातं, सराव करत राहा. हे वाचून मला फार वाईट वाटलं, राग माझ्यासाठी नव्हता, माझ्यामागे वर्षभराचा क्लास होता आणि फोन करायला ताई होत्या, पण जिने पहिल्यांदाच चाक घेतलंय ती या उत्तरावर विश्वास ठेवून महिनाभर हात दुखवून घेईल आणि आपल्याला जमत नाही म्हणून चाक गुंडाळून ठेवेल. दुसऱ्या मेलमध्ये मी ठिपक्याची टेस्ट, स्क्रूचा फोटो, टकटक आवाजाचं रेकॉर्डिंग सगळं पाठवलं, मग मात्र वाद न घालता नवी तबकडी आणि नवे स्क्रू पाठवले, यायला तीन आठवडे लागले. नवी बसवली त्या संध्याकाळी १ किलोचा गोळा दुसऱ्याच प्रयत्नात शांत झाला. मी हात बाजूला घेऊन नुसती बघत बसले होते. चाक फिरतंय हे फक्त ट्रेवर उडणाऱ्या थेंबांवरून कळत होतं, माती थांबल्यासारखी दिसत होती.

आता मोटरबद्दल, कारण खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. खोक्यावर ३०० फेऱ्या प्रति मिनिट लिहिलंय, रिकामं चाक तेवढं पळतंही. पण माती सेंटर करताना फेऱ्यांपेक्षा चाक जोर सहन करतं का ते महत्त्वाचं. हात मातीला दाबतो म्हणजे चाकाला ब्रेकच लावतो, आणि तो ब्रेक किती बसेल हे दोन गोष्टींवर ठरतं, दाब किती आणि मध्यापासून किती लांब. १ किलोचा गोळा साधारण १० सेंटीमीटर रुंद भरतो, ३ किलोचा १४-१५. हाताचा दाब तेवढाच ठेवला तरी रुंद गोळ्यावर मोटरला जवळजवळ दीडपट जोर लावावा लागतो, वर मोठ्या मातीला दाबही जास्त लागतो. माझं चाक २ किलोपर्यंत तक्रार करत नाही. अडीचला बेल्ट कुईं करतो. ३ किलोवर मी पूर्ण वजन टाकून ढकललं की सरळ थांबतं, थांबलेल्या चाकावर मोटर तशीच ढकलत राहिली तर गरम होते, तेव्हा थांबलं की लगेच पाय काढायचा. जाहिरातीत १० किलो पेलतं असं म्हटलंय. १० किलो माती ठेवली तर चाक ती फिरवेल, नुसतं फिरवेल, सेंटर करू देणार नाही. हा फरक जाहिरातीत कुठेच लिहिलेला नसतो.

कमी वेगात तर अजून कमजोर. स्वस्त चाकांमध्ये वेग कमी करायचा म्हणजे मोटरची वीज कमी करायची, आणि जोर आल्यावर ती आपोआप वाढवून देणारी यंत्रणा महागड्या चाकांत असते, इथे नसते. म्हणून हळू फिरत असताना दाबलं की हे गुदमरतं. उपाय सोपा आहे, सेंटरिंग वेगातच करायचं, पेडल पाऊण किंवा जास्त, मग गोळ्याला मध्ये खड्डा पाडताना कमी, भिंत काढताना आणखी कमी. हे तसंही बरोबरच आहे, पण मोठ्या चाकावर मी आळशीपणे सगळं एकाच वेगात करायचे आणि ते चालून जायचं.

आणि खरं सांगते, या कमजोर मोटरमुळे माझं सेंटरिंग सुधारलं. क्लासच्या चाकावर मी माती अक्षरशः दामटत होते, खांद्यातून जोर काढून, दात ओठ खाऊन, आणि मोटर दमदार असल्यामुळे माती मुकाट्याने यायची. इथे तसं केलं की चाक थांबतं. म्हणजे जोर लावायचा मार्गच बंद, मग हात स्थिर ठेवण्याकडे लक्ष गेलं. डावं कोपर मी आता मांडी आणि पोट जिथे मिळतात त्या खोबणीत रुतवून ठेवते, डाव्या तळव्याची टाच गोळ्याच्या बुडाशी, उजव्या हाताची कड वरून, दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना टेकलेले. (चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं तेव्हा असं. जपानमध्ये परंपरेने घड्याळाच्या दिशेने फिरवतात, तिथे हातांची कामं उलट होतात. या यंत्राला दिशा बदलायचं बटण आहे, डावखुऱ्यांसाठी उत्तम, फक्त चाक पूर्ण थांबल्यावरच दाबा.) मग ढकलायचं नाहीच, कमरेतून पुढे कलायचं आणि हात तिथेच ठेवायचा. उंच भाग फिरून येतो, हाताला धडकतो, थोडा आत जातो. पुढच्या फेरीत अजून थोडा. आठ-दहा फेऱ्यांत धडक कमी होत होत नुसती थरथर उरते, मग तीही जाते. हात न हलणं एवढंच आपलं काम, बाकी चाक करतं. हे वाक्य ताई वर्षभर सांगत होत्या, मला ते ३५० वॅटच्या मोटरवर कळलं.

दुसरं, कोन, म्हणजे मातीचा शंकू, काढायला लागले. क्लासला मी ती पायरी टाळायचे. दोन्ही तळव्यांनी बुडापासून माती आत दाबत वर चढवायची, उंच निमुळता सुळका करायचा, मग वरून दाबून परत खाली आणायचा, असं तीनदा. याने माती सगळीकडे एकसारखी होते, मळताना राहिलेल्या कडक-मऊ जागा जातात. मातीचे कण चपटे असतात, कागदाच्या कपट्यांसारखे, मधल्या पाण्यामुळे एकमेकांवर सरकतात, फिरत्या दाबाखाली ते एका वळणात बसतात आणि त्यानंतर माती हाताला वेगळीच लागते, तुकतुकीत. छोट्या चाकाला याचा अजून एक फायदा असा की सुळका अरुंद असतो, म्हणजे हात मध्याच्या जवळ, ब्रेक कमी, बेल्ट ओरडत नाही. खाली आणताना एवढंच बघायचं की वरचा भाग छत्रीसारखा बाहेर पसरून खालच्यावर दुमडू नये, दुमडला की आत हवा आणि पाणी अडकतं आणि नंतर भिंत काढताना तिथेच हात अडखळतो. बाहेरच्या हाताने आधार देत देत खाली आणला की होत नाही.

३ किलोचं भांडं हवंच असेल तर मी दोन टप्प्यांत सेंटर करते. दीड किलो आधी मध्यावर आणते, वरचा चिखल पुसून पृष्ठभाग कोरडा करते, त्यावर दुसरा दीड किलोचा गोळा आपटून बसवते आणि तो वेगळा सेंटर करते, शेवटी दोन्ही मिळून एकदा हलका कोन. खालचा भाग आधीच शांत असल्यामुळे मोटरला झेपतं. मध्ये चिखल ठेवला तर वरचा गोळा सरकतो, मला एकदा सगळं उतरवून परत मळावं लागलं होतं.

पेडल मला आवडलं नाही. पहिला एक तृतीयांश भाग मेलेला, काहीच होत नाही, मग एकदम उसळी. सेंटरिंगला चालतं कारण तिथे वेगच हवा, पण शेवटी हात सोडताना वेग हळूहळू उतरवायचा असतो तेव्हा हे झटका देतं आणि त्या झटक्यात माती हलते. आता मी वेग न बदलता हात सोडते, आधी दाब काढून घेते, मग तळवा नुसता टेकलेला राहतो, मग तोही दोन-तीन फेऱ्यांमध्ये सुटतो, पेडलला त्यानंतरच हात, म्हणजे पाय. पेडलऐवजी हाताने फिरवायच्या बटणाचं मॉडेल मिळत असेल तर ते घेऊ नका, चिखलाचे हात आणि मध्येच वेग बदलायचा, जमत नाही.

आवाज कमी आहे, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तरी चालतं, बेल्टने कुईं केलं नाही तर. ट्रे उथळ आहे, सेंटरिंगला पाणी जास्त लागतं आणि तो अर्ध्या तासात भरतो, सांध्यातून थोडं गळतंही. मी सांध्याला आतून चिकणमातीचीच वळी लावते, गळणं बंद. ते पाणी सिंकमध्ये ओतू नका, पाइप गच्च होतो, बादलीत ओतून रात्रभर ठेवायचं, वरचं निवळ काढून टाकायचं, खालचा चिखल परत वापरायचा. आणि वाळलेली माती झाडू नका, त्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसाला वाईट, ओल्या फडक्यानेच पुसा. तबकडीवर बॅट अडकवायच्या खिळ्यांचं म्हणाल तर बाजारातल्या बऱ्याच बॅटना भोकं २५ सेंटीमीटर अंतरावर असतात, ही तबकडीच २५ची, त्यामुळे त्या बसत नाहीत. मी मातीची पातळ चकती थापून तिच्यावर बॅट चिकटवते, ती पद्धत जुनीच आहे आणि छान चालते.

स्टूल सोबत मिळत नाही. बसायची उंची तबकडीच्या जवळपास हवी, माझं स्टूल आधी बरंच उंच होतं तेव्हा वरून वाकून कंबर जायची आणि कोपराला मांडीचा आधारच मिळत नव्हता. स्टूलचे मागचे पाय थोडे उचलून घेतले, आता अंग आपोआप पुढे कलतं.

कुणी घ्यावं? ज्यांनी थोडंफार शिकलंय, वाट्या, मग, छोटे वाडगे करायचेत, २ किलोच्या आत काम आहे, त्यांनी खुशाल घ्या. मोठ्या बरण्या करायच्या असतील तर नको. आणि अजिबात शिकलेलं नसेल तर आधी महिनाभर कुठेतरी चांगल्या चाकावर बसा, शांत झालेली माती हाताखाली कशी लागते ते एकदा कळू द्या, मग घरचं चाक बिघडलंय का आपला हात हे ओळखता येतं. ते मला ओळखता आलं नाही तर दुसऱ्या कुणाला पहिल्या दिवशी कसं येणार, म्हणून ठिपक्याची टेस्ट परत सांगते, दहा वेळा करा, फोटो काढून ठेवा, कंपनीला तेच पाठवा.

पाचपैकी साडेतीन देतेय. दीड गेला तो अर्धा पेडलचा, अर्धा १० किलोच्या त्या दाव्याचा आणि अर्धा "सराव करत राहा"चा. स्क्रू मी अजूनही दर रविवारी बसण्याआधी ॲलन की घेऊन तपासते, सात महिन्यांत एकदा थोडा सैल मिळाला, आवळला, झालं. बेल्ट आता झिजलेला दिसतोय, पुढच्या महिन्यात बदलेन, नवा कसा बसतो आणि त्यानंतर अडीच किलोला कुईं थांबते का ते इथेच खाली लिहीन.